खसखशीच्या तेलापासून आयोहेक्सॉलपर्यंत : कुत्र्याच्या पाठीतल्या डायची गोष्ट

साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसतं, मज्जारज्जू दिसत नाही. मणके पांढरेशुभ्र उमटतात, दोन मणक्यांमधली जागाही कळते. पण मणक्यांच्या बोगद्यातून जाणारी, आपल्याला चालवणारी-बसवणारी ती मऊ दोरी मात्र गायब असते. तिच्याभोवती पाणी असतं, तेही दिसत नाही. कारण मज्जारज्जू, पाणी आणि आजूबाजूचं मांस यांची घनता जवळपास सारखीच. एक्स-रे या तिघांमधून सारख्याच सहजतेने आरपार जातात.

आता समजा दोन मणक्यांमधली गादी सरकली आणि मज्जारज्जूवर दाबली गेली. रुग्ण माणूस असेल तर तो सांगतो, इथून कळ येते, या बोटापर्यंत मुंग्या येतात. कुत्रा असेल तर तो फक्त मागचे पाय ओढत चालतो. सर्जनला मात्र दोघांच्याही बाबतीत एकच गोष्ट हवी असते : नेमका कुठला मणका? चुकीच्या जागी हाड कापून उपयोग नाही.

यावर गेल्या शंभर वर्षांत एकच युक्ती वेगवेगळ्या रूपांत वापरली गेली. मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात असं काहीतरी सोडायचं, की जे एक्स-रेत दिसेल. ते जिथे अडेल तिथे दाब आहे. डॉक्टर त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात, दवाखान्यात सगळेच ‘डाय’ म्हणतात आणि या तपासणीचं नाव मायलोग्राम.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाच्या डॅशहुंडचे मागचे पाय एका रात्रीत लुळे पडले. एमआरआयची तारीख लवकर मिळेना, म्हणून डॉक्टरांनी मायलोग्राम करू म्हणून सांगितलं आणि संमतीचा कागद पुढे केला. त्यात एक ओळ होती : डाय दिल्यानंतर कुत्र्याला फिट येऊ शकतात. भावाने कागदाचा फोटो काढून मला पाठवला. ‘तू इंजिनिअर आहेस ना, हे काय आहे बघ.’ मी सॉफ्टवेअर लिहितो, कुत्र्यांच्या मज्जारज्जूशी माझा संबंध नाही. पण आमच्याकडे इंजिनिअर म्हटलं की टीव्हीच्या रिमोटपासून सगळं यावं लागतं. त्याने डॉक्टरांशी बोलून सही केली, कुत्र्याला फिट आली नाही, ऑपरेशन झालं, आणि आता तो थोडा तिरका का होईना पण धावतो. ती गोष्ट तिथे संपली.

माझ्या डोक्यातून ती ओळ मात्र जाईना. आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की असते. प्रोग्रॅममध्ये कुणी विचित्र वॉर्निंग लिहून ठेवली असेल, तर त्यामागे कधीतरी, कुठेतरी झालेला मोठा घोळ असतो. उगाच कुणी वॉर्निंग लिहीत नाही. म्हणून मी त्या ओळीचा इतिहास शोधायला लागलो.

हवा आणि खसखस

सुरुवात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये होते. जॉन्स हॉपकिन्समधले तरुण सर्जन वॉल्टर डँडी यांनी १९१३-१४च्या सुमारास केनेथ ब्लॅकफॅन यांच्यासोबत मेंदूतल्या पाण्याचा मार्ग शोधून काढला. हे पाणी कुठे तयार होतं, कुठून वाहतं आणि वाट अडली तर डोक्यात कसं साठतं, हे त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं. वाट मुद्दाम बंद करायची आणि मेंदूतल्या पोकळ्या फुगतात का ते पाहायचं, असे ते प्रयोग होते. म्हणजे या गोष्टीत कुत्रा रुग्ण म्हणून येण्याआधी कितीतरी वर्षं प्रयोगाचा प्राणी म्हणून आलेला आहे.

१९१८ साली डँडींनी मेंदूतलं पाणी थोडं काढून त्याजागी हवा भरली आणि एक्स-रे काढला. हवेतून एक्स-रे आणखी सहज जातात, त्यामुळे पोकळ्या काळ्या उमटल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी पाठीच्या कण्यातून हवा सोडण्याचं वर्णन छापलं. मज्जारज्जूसाठीचा पहिला डाय म्हणजे साधी हवा. विषारी नाही, फुकट, आणि काही दिवसांत आपोआप शोषली जाणारी. पण चित्र अंधुक, आणि रुग्णाला भयंकर डोकेदुखी, उलट्या. निरुपद्रवी पदार्थाने नीट दिसत नाही, ही अडचण पहिल्याच पायरीवर उभी राहिली.

नीट दिसायला जड अणू हवा. हाड पांढरं दिसतं ते कॅल्शियममुळे; कॅल्शियमचा अणुक्रमांक २०. आयोडीनचा ५३. आयोडीन एक्स-रेला चांगलंच अडवतं आणि त्या काळी ते औषध म्हणूनही डॉक्टरांच्या कपाटात असायचं. १९०१ साली मार्सेल गेर्बे या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने खसखशीच्या तेलाला आयोडीन जोडून लिपिओडॉल तयार केलं होतं. हो, आपण चिरोट्याबरोबर दूध करताना किंवा अनारशाला लावतो तीच खसखस. पॅरिसमध्ये जाँ-आतानाझ सिकार आणि त्यांचे सहकारी जाक फॉरेस्तिए हे तेल दुखण्यावर इलाज म्हणून पाठीत टोचत होते. एकदा सुई जरा जास्तच आत गेली आणि तेलाचा थेंब मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातून खाली घरंगळताना एक्स-रेवर दिसला, असं सांगतात. १९२१-२२मध्ये त्यांनी हे तंत्र जाहीर केलं. रुग्णाला तिरकं करायचं, तेल खाली वाहत जातं, आणि गाठ किंवा अडथळा असेल तिथे थांबतं. काम झालं.

म्हणजे चित्राचं काम झालं. तेलाचं काय? तेल पाण्यात विरघळत नाही. ते तिथेच राहिलं. वर्षानुवर्षं.

मुक्कामाला आलेले पाहुणे

यापुढची तीसेक वर्षं वाचताना मला सतत एकच प्रश्न पडत होता : डाय कुणी, कशाच्या आधारावर ‘सुरक्षित’ ठरवला? उत्तर बहुतेक वेळा असं दिसतं, की टेबलावर रुग्णाला काही झालं नाही, म्हणून.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण थोरोट्रास्ट. १९३०च्या सुमारास जर्मनीत बाजारात आलेला हा डाय म्हणजे थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण. थोरियमचा अणुक्रमांक ९०, त्यामुळे चित्र अप्रतिम. टोचताना आग नाही, जळजळ नाही, उलट्या नाहीत. रक्तवाहिन्यांसाठी, यकृतासाठी आणि मज्जारज्जूसाठीही तो वापरला गेला. डॉक्टर खूश, रुग्ण खूश. फक्त दोन अडचणी होत्या. थोरियम किरणोत्सारी आहे, त्याचं अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षं. आणि शरीर त्याला बाहेर टाकत नाही. ते यकृतात, प्लीहेत जाऊन बसतं आणि आजूबाजूच्या पेशींवर आयुष्यभर किरणं सोडत राहतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९३२मध्येच सावध केलं होतं. तरी वापर १९५०च्या दशकापर्यंत चालला. १९४७ साली यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दाखवणारा रुग्ण नोंदला गेला आणि मग वीस-तीस वर्षांपूर्वी तपासणी झालेल्या माणसांमध्ये असे कर्करोग दिसत राहिले.

थोरोट्रास्टने टेबलावरची प्रत्येक परीक्षा पहिल्या वर्गात पास केली होती. नापास तो झाला विसाव्या वर्षी.

मज्जारज्जूच्या बाबतीत खरं राज्य मात्र दुसऱ्या डायने केलं. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला लिपिओडॉलपेक्षा पातळ, आयोडीनयुक्त तेलकट डाय तयार झाला. अमेरिकेत त्याचं नाव पँटोपेक, ब्रिटनमध्ये मायोडिल. पुढे तीस-पस्तीस वर्षं जगभर मायलोग्राम म्हणजे हेच. पातळ असल्यामुळे तपासणीनंतर रुग्णाला तिरकं करून त्याच सुईतून ते परत ओढून घेता यायचं. अमेरिकेत तशी पद्धत होती, ब्रिटनमध्ये पुष्कळदा ते आतच सोडलं जायचं. आत राहिलेलं तेल शरीर वर्षाला साधारण एक मिलिलिटर या गतीने शोषतं. त्या काळात काहींच्या बाबतीत मज्जारज्जूवरचं पातळ आवरण सुजायचं, मज्जातंतू एकमेकांना चिकटायचे. याला अरॅक्नॉइडायटिस म्हणतात. पाठ आणि पाय कायमचे दुखत राहतात. ब्रिटनमधल्या रुग्णांनी कोर्टात धाव घेतली आणि १९९५ साली ग्लॅक्सोने जबाबदारी मान्य न करता कोर्टाबाहेर तडजोड केली.

लक्षात घ्या, ही माणसं बोलू शकत होती. दुखतंय म्हणून सांगत होती, वकील गाठत होती. तरीही डायचा आणि दुखण्याचा संबंध मान्य व्हायला काही दशकं गेली. पाठदुखीसाठीच मायलोग्राम झालेला असायचा, त्यामुळे नंतरचं दुखणं जुन्याच दुखण्याच्या खात्यावर सहज जमा व्हायचं.

स्टॉकहोमची कुत्री

आता कुत्रा रुग्ण म्हणून कधी आला? माझ्या मते याचं उत्तर स्टॉकहोममध्ये आहे. तिथल्या रॉयल पशुवैद्यकीय महाविद्यालयातून दोन वर्षांत दोन प्रबंध आले. १९५१ साली स्टेन-एरिक ओल्सन यांचा, कुत्र्यातली सरकलेली गादी आणि तिचं एक्स-रेवरून निदान यावर. आणि १९५२ साली हान्स-यॉर्गेन हान्सन यांचा, कुत्र्यांच्या गाद्या मुळात झिजतात कशा यावर.

हान्सननी दाखवलं, की डॅशहुंडसारख्या आखूड पायांच्या जातींमध्ये गादीचा मधला मऊ भाग अगदी तरुण वयातच कडक होत जातो आणि एके दिवशी फुटून मज्जारज्जूवर आदळतो. मोठ्या जातींमध्ये गादी हळूहळू, उतारवयात फुगते. ‘हान्सन टाइप वन’ आणि ‘टाइप टू’ ही नावं पशुवैद्य आजही वापरतात. २०१७ साली टाइप वनमागची जनुकीय गडबडही सापडली. एफजीएफ-४ या जनुकाची एक जादा प्रत बाराव्या गुणसूत्रावर जाऊन बसलेली असते. आपण ज्या आखूड पायांना ‘किती गोड’ म्हणतो, त्या पायांशी आणि या फुटणाऱ्या गादीशी त्या जादा प्रतीचा संबंध आहे. म्हणजे हा आजार बराचसा माणसाने आवडीने निवडलेला आहे.

निदान करायचं तर डाय हवा. आणि इथे कुत्र्याचं शरीर माणसाच्या डायला दाद देईना. तेलकट डायचे थेंब थेंब होतात. कुत्र्याच्या मज्जारज्जूभोवतीची जागा इतकी अरुंद, की थेंब सलग वाहत नाहीत, आणि परत ओढून घेणंही कठीण. त्यात भर म्हणजे सुईची जागा. माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधून सुई टोचली तर ती फक्त पाण्यात जाते. कुत्र्याला कमरेचे सात मणके असतात आणि मज्जारज्जू साधारण सहाव्या मणक्यापर्यंत उतरलेला असतो. पाचव्या-सहाव्या मणक्यामधून टोचलेली सुई पुष्कळदा मज्जारज्जूच्या शेपटाला भेदूनच पलीकडच्या पाण्यात पोहोचते. दुसरा मार्ग मानेच्या वरून, कवटीच्या बुडाशी. तिथून मेंदू अगदी हाकेच्या अंतरावर.

मग पाण्यात विरघळणारे डाय आले. तेही स्कँडिनेव्हियातूनच. तिथे १९३०च्या दशकापासून माणसांत मेथिओडाल नावाचा आयोडीनयुक्त क्षार वापरला जात होता. पाण्यात विरघळतो, काही तासांत शोषला जातो, काहीही मागे उरत नाही. मुक्कामाला राहणाऱ्या पाहुण्याची अडचण सुटली! पण तो इतका झोंबायचा, की आधी कंबरेखालचा भाग बधिर करावा लागायचा. १९६०च्या सुमारास स्टॉकहोममध्ये फुंकक्विस्ट यांनी असा डाय कुत्र्यांमध्ये वापरून पाहिला आणि त्याचा मज्जारज्जूवर काय परिणाम होतो, हेही कुत्र्यांवरच अभ्यासलं. भूल पुरेशी नसली तर स्नायूंना आचके यायचे.

म्हणजे १९६०च्या दशकात पशुवैद्यासमोर दोन पर्याय होते. एक तेल, जे झोंबत नाही पण जात नाही. एक क्षार, जो जातो पण झोंबतो. माणसांच्या डॉक्टरांसमोरही फार वेगळं ताट नव्हतं.

समुद्राचं पाणी डोळ्यांत

तो झोंबतो का, हा प्रश्न टॉर्स्टेन अल्मेन या स्वीडिश रेडिऑलॉजिस्टने गांभीर्याने घेतला. तोपर्यंत बहुतेकांची समजूत अशी, की आयोडीन आहे, झोंबणारच. अल्मेन पाहत होते, की रक्तवाहिनीत डाय सोडला की रुग्ण वेदनेने कळवळतात. त्यांची एक आठवण पुढे प्रसिद्ध झाली. स्वीडनच्या पूर्वेचा बाल्टिक समुद्र मचूळ. त्यात डोळे उघडून पोहता येतं. पश्चिम किनाऱ्यावर पाणी खारट, डोळे चुरचुरतात. दोन्हीकडे मीठ तेच. फरक फक्त किती मीठ, याचा.

हे समजायला आपल्याला स्वीडनला जायची गरज नाही. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की पाणी सुटतं. मीठ काकडीला चावत नाही; ते बाहेर जास्त आहे म्हणून आतलं पाणी ओढून घेतं. डायही हेच करतो. रक्ताची किंवा मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याची ही ओढ सुमारे २९० एककं धरली, तर त्या काळच्या डायची १५०० किंवा त्याहूनही जास्त असायची. नाजूक पेशींच्या भोवती पाचपट तीव्र द्रावण ओतलं तर दुसरं काय होणार?

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग. ही ओढ कणांच्या संख्येवर ठरते, आकारावर नाही. एसटीत तिकीट माणशी असतं, वजनावर नसतं, तसं. जुने डाय क्षार होते. पाण्यात पडले की एका रेणूचे दोन तुकडे व्हायचे. एका तुकड्यावर आयोडीनचे तीन अणू, म्हणजे कामाचा माणूस. दुसरा तुकडा नुसताच सोबत आलेला. चित्रात त्याचा उपयोग शून्य, पण तिकीट पूर्ण. अल्मेन म्हणाले, या दुसऱ्या प्रवाशाला आणूच नका. रेणूवरचा विद्युतभार काढून टाका, आणि तो पाण्यात विरघळावा म्हणून त्याला साखरेसारखे पाण्याशी मैत्री करणारे गट जोडा. रेणू तुटणार नाही. आयोडीन तेवढंच, कण निम्मे, ओढ निम्मी. शिवाय विद्युतभार गेल्यामुळे मज्जातंतूंना होणारा थेट त्रासही कमी.

कागदावर इतकी साधी वाटणारी ही कल्पना १९६९ साली छापून आली ती रेडिऑलॉजीच्या नियतकालिकात नव्हे, तर सैद्धांतिक जीवशास्त्राच्या. ती प्रत्यक्षात आणली ऑस्लोच्या निगोर्ड या कंपनीने, जिथे ह्यूगो होल्टरमन संशोधनाचे प्रमुख होते. त्यातून मेट्रिझामाइड आलं. १९७०च्या दशकात मज्जारज्जूत सोडता येईल असा पहिला विद्युतभार नसलेला डाय म्हणून ते माणसांत आणि लवकरच कुत्र्यांतही पोहोचलं. महाग होतं, आणि उष्णतेने जंतुमुक्त करता येत नसल्याने भुकटीच्या रूपात यायचं. वापरण्याआधी विरघळवून घ्यावं लागे. पण ते झोंबत नव्हतं, आणि निघूनही जात होतं.

तरीही कुत्र्यांना फिट येत होत्या.

किलो आणि मिलिलिटर

आमच्याकडे हा अनुभव रोजचा आहे. एक मोठा बग काढला की त्याच्या मागे लपलेला दुसरा दिसायला लागतो. मेट्रिझामाइडने तीव्रतेचा प्रश्न बराच सोडवला, तेव्हा रेणूच्या रचनेचा प्रश्न उघडा पडला. ते ग्लुकोजच्या एका भावंडापासून बनवलेलं होतं, आणि मेंदूच्या ग्लुकोज वापरण्याच्या कामात ते अडथळा आणत असावं, असं संशोधकांनी सुचवलं. १९८०च्या दशकात त्याच घराण्यातलं आयोहेक्सॉल आलं. बाजारातलं नाव ऑम्निपेक. इटलीतून आयोपामिडॉल आलं. ही दोन्ही आयती द्रावणं, स्वस्त आणि जास्त सौम्य. आयोहेक्सॉलची ओढ, मिलिलिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम आयोडीन असताना, ६७२. १८० मिलिग्रॅम असताना ४०८. जुन्या १५००च्या तुलनेत केवढा फरक! फिटचं प्रमाण खाली आलं. शून्य झालं नाही.

माझ्या भावाच्या कागदावरची ओळ इथली आहे.

कुत्र्यांमधल्या आयोहेक्सॉलवरचे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. २००२ साली छापलेल्या अभ्यासात १८२ कुत्र्यांपैकी सुमारे २१ टक्क्यांना मायलोग्रामनंतर निदान एक फिट आली होती. २०११ साली छापलेल्या दुसऱ्या अभ्यासात ५०३ कुत्र्यांपैकी ३ टक्क्यांना. डाय तोच, प्राणी तोच. पाचातला एक आणि तेहेतिसातला एक, एवढी तफावत फक्त औषधामुळे पडू शकत नाही. ती किती दिला, कुठून दिला आणि कुणाला दिला, यातही असणार. दोन्ही अभ्यासांत धोका वाढवणाऱ्या गोष्टी मात्र बऱ्याचशा जुळतात : कुत्रा मोठा असणं, डाय जास्त देणं, आणि तो कवटीच्या बुडाशी देणं.

मोठा कुत्रा का? इथे मी थांबून आकडेमोड केली. डायची मात्रा ठरते वजनावर. साधारण किलोमागे ०.३ मिलिलिटर. आठ किलोच्या डॅशहुंडला २.४ मिलिलिटर. चाळीस किलोच्या डॉबरमनला १२. वजन पाचपट, डाय पाचपट. वरवर पाहता न्याय्य. पण डॉबरमनचा मेंदू डॅशहुंडच्या पाचपट नसतो, दुप्पटही नसतो. त्याच्या पाठीचा कणाही पाचपट लांब नसतो. त्याचं वाढलेलं वजन आहे छातीत, मांड्यांत, हाडांत, जिथे हा डाय जाणारच नाहीये. रक्तातून सगळीकडे पसरणाऱ्या औषधासाठी किलोचा हिशेब ठीक. एका अरुंद नळीत ओतायच्या द्रवासाठी नळीचं माप घ्यायला हवं, आणि आपण कुत्र्याचं वजन करतोय.

त्यात डॉबरमनला बहुधा मानेच्या मणक्यांचा आजार असतो. चालताना तो झोकांड्या खातो, म्हणून त्याला ‘वॉब्लर’ म्हणतात. म्हणजे वजन जास्त, तपासायची जागा मान, आणि सुई पुष्कळदा कवटीच्या बुडाशी. तिन्ही धोके एकाच कुत्र्यात एकत्र. ‘डॉबरमनला फिट येतात’ असं नुसतं म्हटलं तर दोष जातीवर जातो. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा आपल्या सूत्राचा असू शकतो. म्हणूनच आता जाणकार पशुवैद्य मोठ्या कुत्र्याला एकूण डायवर मर्यादा घालतात, शक्य तिथे कमरेतून देतात, आणि भूल उतरेपर्यंत डोकं उंचावर ठेवतात, म्हणजे डाय मेंदूकडे न जाता खाली राहील. फिट आलीच तर बहुतेक वेळा डायझेपामने आटोक्यात येते.

एक धोका मात्र रसायनाचा नाही, कपाटाचा आहे. जुने, तीव्र, क्षाररूपी डाय आजही स्वस्तात मिळतात आणि मूत्रमार्ग वगैरे तपासायला ते चालतात. बाटल्या दिसायला सारख्याच. असा डाय चुकून मज्जारज्जूभोवती गेला तर पायांपासून वर चढत जाणारे भयंकर झटके येतात. माणसांमध्ये यातून मृत्यू झाले आहेत. म्हणून त्या बाटल्यांवर ठळक चौकटीत छापलेलं असतं, की हे मज्जारज्जूत देऊ नका. आयोहेक्सॉलच्याही सगळ्या तीव्रता मज्जारज्जूसाठी नसतात. ३५०ची बाटली त्यासाठी नाही. अल्मेननी रेणू बदलला, पण बाटली उचलणारा हात बदलायची सोय कुठल्याच रसायनशास्त्रात नाही.

पाण्यालाच डाय केलं तर

एमआरआयने या सगळ्या झटापटीला बगल दिली. एमआरआय पाहतो तो शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या रेणूंमधला हायड्रोजन. योग्य पद्धतीने चित्र घेतलं तर मज्जारज्जूभोवतीचं पाणी स्वतःच पांढरं उजळून दिसतं आणि दबलेली जागा काळी. शंभर वर्षं ज्या पाण्यात आपण हवा, तेल, थोरियम आणि आयोडीन ओतत आलो, ते पाणीच डायचं काम करतं. सरकलेली गादी शोधायला बहुतेक वेळा दुसरं काही लागत नाही. गाठ किंवा सूज यासाठी शिरेतून गॅडोलिनियम देतात. तेही १९८८पासून आधी सुरक्षित म्हणून वापरलं गेलं, आणि २००६ साली कळलं, की मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसांत त्यातल्या काही प्रकारांमुळे कातडी आणि आतले अवयव कडक होतात. पुन्हा तोच प्रकार : टेबलावर पास, पुढे काही वर्षांनी प्रश्न.

म्हणून ‘सुरक्षित’ या शब्दापुढे मी आता मनातल्या मनात दोन रकाने काढतो. किती मात्रेत? आणि किती काळ पाहून? थोरोट्रास्टचा दुसरा रकाना रिकामा होता. मेट्रिझामाइडचा दुसरा भरलेला होता, पण कुत्र्यांसाठी पहिला चुकीच्या मापाने भरला गेला. आयोहेक्सॉलचे दोन्ही रकाने माणसांसाठी चांगले भरलेले आहेत. कुत्र्यांसाठी पहिला बराच भरलाय. दुसऱ्याची अडचण अशी, की कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो आणि पाठ दुखते म्हणून तक्रार करत नाही. तो फक्त कोपऱ्यात जास्त वेळ बसतो, सोफ्यावर उडी मारायचं सोडून देतो. आपण म्हणतो, वय झालं.

आपल्याकडे जनावरांसाठी एमआरआय मोजक्या ठिकाणी आहे आणि खर्च सगळ्यांना झेपणारा नाही. त्यामुळे मायलोग्राम अजून बरीच वर्षं राहणार, आणि राहायला हवा. लुळ्या पडलेल्या कुत्र्यासाठी वाट पाहणं हाही धोकाच असतो. फिटच्या भीतीने तपासणी टाळण्यापेक्षा चार गोष्टी विचाराव्यात. डाय कोणता आणि किती तीव्रतेचा? एकूण किती मिलिलिटर? कमरेतून देणार की मानेतून? आणि शुद्धीवर येईपर्यंत कुत्र्याजवळ कोण बसणार? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळायला माणसाला सत्तर-ऐंशी वर्षं लागली आणि त्यात कितीतरी कुत्री खर्ची पडली. चौथ्याचं उत्तर त्याच दिवशी, त्याच दवाखान्यात ठरतं.